भावकीचा मेळावा: वंशावळ खरंच पुढं सरकावी म्हणून कामाचा क्रम

सोलापूर, बार्शी, अक्कलकोट, मोहोळ या पट्ट्यात दिवाळी सरली की भावकीचे मेळावे भरू लागतात. मंगल कार्यालय ठरतं, फ्लेक्स लागतो, ऐंशीच्या पुढच्या मंडळींना शाल-श्रीफळ, दहावी-बारावीच्या पोरांना ट्रॉफी, चार भाषणं, जेवण आणि पायऱ्यांवर ग्रुपफोटो. वंशावळ लिहिणाऱ्यानं दारात छापील फॉर्म वाटलेले असतात. त्यातले बरेच पत्रावळीखाली जातात. जे परत येतात त्यांत 'पणजोबांचे नाव' या रकान्यापुढं नुसती रेघ असते. ज्या आजीला ते नाव माहीत आहे ती त्याच हॉलमध्ये तिसऱ्या रांगेत मांडीवर शाल घेऊन बसलेली असते आणि तिच्याकडं कोणी फिरकलेलं नसतं.

हे दरवर्षी घडतं, कारण मेळाव्याकडून नको ते काम करून घेतलं जातं. नावं गोळा करण्यासाठी मेळाव्याची गरज नाही. ती फोनवर आणि घरोघर जाऊन मिळतात. मेळाव्यात जे होतं ते दुसरीकडं कुठंच होत नाही: चार घरांत चार तऱ्हेनं सांगितली जाणारी हकिगत एकाच जागी समोरासमोर येते आणि माणसं एकमेकांना दुरुस्त करतात. म्हणून क्रम असा ठेवा. आधी गोळा करा, मेळाव्यात ताडून बघा, सरकारी कागद त्यानंतर काढा.

टप्पा 1: भावकी कुठवर, ते ठरवा

आडनाव एक म्हणून भावकी एक, असं होत नाही. गावावरून पडलेली आडनावं तर एकमेकांशी काडीचा संबंध नसलेल्या घरांत सापडतात. जुनी कसोटी अजून चालते, ती म्हणजे सुतक. घरात कोणी गेलं तर दहा दिवस कोण पाळतं, तीन दिवस कोण, आणि नुसती अंघोळ करून मोकळं कोण होतं, हे जाणत्यांना विचारा. दहा दिवस धरणारी घरं ही तुमची पहिली यादी. 'पूर्वी धरायचो, आता सोडलं' असं ज्या घरांबद्दल सांगितलं जातं त्यांना मात्र विसरू नका. तुटलेली फांदी तिथंच असते आणि तिच्या बुंध्यापर्यंत पोचलात तर एक-दोन पिढ्या मागं जाता येतं.

लिंगायत घरांत सुतक पाळण्याची रीत नाही. तिथं गुरूचा मठ कोणता आणि कोणत्या घरांशी सोयरीक होत नाही, हे विचारा. कुलदैवताचा पुरावा जपून वापरा. तुळजाभवानी अर्ध्या महाराष्ट्राची कुलस्वामिनी आहे. तेवढ्यावरून दोन घरं एक ठरत नाहीत. उलट एखाद्या गावच्या शिवेवरच्या, बाहेर कोणाला नावही ठाऊक नसलेल्या देवाला दोन्ही घरं नारळ फोडायला जात असतील, तर ते जास्त वजनदार.

आमंत्रण फक्त पुरुषांच्या वंशाला देणं ही यातली सर्वांत महागात पडणारी चूक. दिलेल्या लेकी, आत्या आणि त्यांची मुलं आलीच पाहिजेत. लग्न होऊन गेलेल्या आत्याच्या डोक्यात माहेरचं घर तिच्या लग्नाच्या साली थांबलेलं असतं: तेव्हा कोण हयात होतं, माडीवर कोण राहायचं, कोणाची चूल वेगळी झाली होती. घरात राहिलेल्या भावाच्या आठवणीवर मात्र पुढच्या पन्नास वर्षांची पुटं चढलेली असतात.

*सावधान:* 'वंशावळ' हा शब्द कानावर पडला की निम्म्या लोकांच्या मनात 'वाटणी निघाली काय?' असं येतं. त्यांचं चुकत नाही. वारसनोंदीला आणि जातीच्या दाखल्याला वंशावळ लागते, आणि 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेल्यापासून तर गावोगाव हा विषय कागदाशी जोडला गेलाय. म्हणून आमंत्रणातच लिहा: मेळाव्यात कुठल्याही कागदावर सही घेतली जाणार नाही, सातबारा किंवा आधार मागितलं जाणार नाही. आणि ते पाळा. एकानं जरी कोपऱ्यात स्टॅम्पपेपर काढला, तरी पुढच्या वर्षी मोठ्या वाड्यातलं कोणी येत नाही.

टप्पा 2: तारीख आणि जागा

भाऊबिजेनंतरचे दोन दिवस सर्वांत चांगले, कारण लेकी माहेरी आलेल्या असतात. संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेसाठी बाहेरगावची माणसं सोलापुरात येतात खरी, पण नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या दिवसांत रस्ते बंद आणि घरं पाहुण्यांनी भरलेली. त्या पुढचा रविवार धरा. मे महिना टाळा. चाळिशीच्या पुढच्या उन्हात ऐंशी वर्षांचा माणूस अक्कलकोटहून निघणार नाही, वर लग्नसराई. आषाढी वारीच्या आसपास पंढरपूर-मोहोळकडच्यांना बोलवूच नका.

थंडीत मेळावा धरला की शेतात हुरड्याचा बेत जोडायचा मोह प्रत्येकालाच होतो. जोडा, पण दुसऱ्या दिवशी. आगटीभोवती बसल्यावर कागद उडतात, हात काळे होतात, आणि शेंगाचटणी संपेपर्यंत माणसं बांधाबांधानं पांगलेली असतात.

जागेत व्यासपीठ नसलं तरी चालेल. तळमजला, एक लांब मोकळी भिंत, दार लावता येईल अशी एक शांत खोली आणि त्या खोलीत प्लगचं बटण एवढं हवंच.

टप्पा 3: कच्चा तक्ता

सगळ्या कामाचा पाया हाच, म्हणून याला दीड-दोन महिने द्या.

वेगवेगळ्या घरांतले तीन-चार जाणते निवडा आणि त्यांना एकेकट्यानं भेटा. आत्ताच एकत्र बसवू नका. एकत्र बसवलं की ज्याचा आवाज मोठा त्याचीच हकिगत उरते आणि बाकीचे 'हो, तसंच' म्हणतात. एकेकट्यानं बोललात तर कुठं मतभेद आहे ते तुम्हांला आधीच कळतं, आणि मेळाव्यात नेमकं तेवढंच समोर ठेवता येतं.

नंतर प्रत्येकाला क्रमांक द्या. ज्ञात असलेल्या सर्वांत जुन्या पुरुषाला 1, त्याच्या मुलांना 1.1, 1.2, 1.3, त्यांच्या मुलांना 1.2.1, 1.2.2 असं. मुलींनाही त्याच रांगेत क्रमांक, वेगळी यादी नको. एकदा दिलेला क्रमांक बदलायचा नाही. लहानपणीच वारलेलं एखादं भावंड नंतर सापडलं तर त्याला पुढचा मोकळा क्रमांक द्या आणि जन्मक्रम वेगळ्या रकान्यात लिहा.

क्रमांक कशासाठी, तर आपल्याकडं आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत आहे. समजा एका घरात गणपत तुकाराम, त्याचा तुकाराम गणपत, त्याचा पुन्हा गणपत तुकाराम अशी ओळ आहे. सांगणारा 'गणपतआबा' म्हणतो, लिहिणारा पहिलाच गणपत धरतो, आणि दोन पिढ्या अलगद गायब होतात. वंशावळीतल्या चुकांची ही खाण आहे.

तक्ता करताना या गोष्टी आत्ताच सांभाळा:

सुनांचं माहेर लिहा. लग्नात नाव बदललेलं असतं, म्हणून दोन्ही नावं, वडिलांचं नाव, आडनाव आणि गाव हवं. नाहीतर माहेरची सोनाबाई आणि सासरची लक्ष्मीबाई या दोन वेगळ्या बायका होऊन बसतात. नुसतं 'सौ.' लिहून पुढं जाणाऱ्या वंशावळी मी बऱ्याच पाहिल्या आहेत. त्यांचा उपयोग अर्धाच.

दत्तक गेलेला मुलगा दोन्ही घरांत दाखवा, पण रेघ तुटक ठेवा. दोन बायका असतील तर कोणतं मूल कोणाचं ते विचारा. कोणी सांगत नसेल तर रकाना मोकळा सोडा, अंदाज लिहू नका.

मामाच्या मुलीशी लग्न मराठी घरांतही होतं, आणि सोलापुरातल्या तेलुगू व कन्नड घरांत सख्ख्या भाचीशीही लग्नं झालेली आहेत. अशा वेळी एकच बाई तक्त्यात दोन ठिकाणी येते. क्रमांक एकच ठेवा, दुसऱ्या जागी 'पाहा 1.3.2' अशी खूण करा.

खात्री कितपत आहे हे शाईनं दाखवा. नुसतं ऐकलेलं पेन्सिलनं. दोन घरांनी परस्पर न विचारता सारखंच सांगितलेलं निळ्या शाईनं. कागदावर सापडलेलं लाल शाईनं. सुरुवातीला तक्ता जवळजवळ सगळा पेन्सिलचाच दिसेल, आणि तसाच दिसायला हवा.

आता हा तक्ता मोठ्या पांढऱ्या कार्डशीटवर, लांबून वाचता येईल अशा अक्षरात उतरवा. फ्लेक्स छापू नका. फ्लेक्सवर पेन्सिल चालत नाही, आणि छापलेलं दिसलं की म्हातारी माणसं 'झालंय की सगळं' म्हणून पुढं जातात. जिथं वाद आहे तिथं दोन्ही नावं शेजारी शेजारी लिहून प्रश्नचिन्ह टाका. कोरा फॉर्म हातात पडला की माणूस संकोचतो. आपल्या चुलत्याचं नाव भलत्याच्या पोटी दिसलं की मात्र त्याला गप्प बसवत नाही. या स्वभावाचा फायदा घ्या.

*तपासणी:* बाप-लेकाच्या जन्मात साधारण वीस ते तीस वर्षांचं अंतर धरून तक्ता वरून खाली मोजा. चाळीस वर्षांत तीन पिढ्या बसल्या असतील तर कोणीतरी भाऊ मुलगा झालाय. साठ-सत्तर वर्षांत एकच पिढी असेल तर मधला एक माणूस गळलाय. आई आणि मुलाच्या वयात बारा वर्षांचंच अंतर निघालं तर ती बहुधा सावत्र आई आहे, किंवा साल चुकलंय.

टप्पा 4: घरून काय आणायचं, ते नावानिशी सांगा

'जुनी कागदपत्रं आणा' असा निरोप दिला तर कोणीही काही आणत नाही, कारण आपल्या घरात जुनी कागदपत्रं आहेत असं कोणालाच वाटत नसतं. वस्तूचं नाव घ्या:

- पितळी-तांब्याची भांडी. हंडा, घंगाळ, परात, तांब्या यांवर देणाऱ्याचं नाव, कधी गाव आणि तारीखही कोरलेली असते. लग्नात आलेलं भांडं म्हणजे लग्नाचं साल. भांडं आणायची गरज नाही, कोरलेल्या अक्षरावर तिरका उजेड पाडून काढलेला फोटो पुरे.
- लग्नपत्रिका. वधूवरांपेक्षा खालची यादी कामाची: आपले नम्र, व्यवस्थापक, समस्त भावकी. त्या साली कोण हयात होतं आणि मोठं कोण मानलं जायचं, ते तिथं क्रमानं लागलेलं असतं.
- श्राद्धाच्या तिथ्या. पितृपक्षात कोणत्या तिथीला कोणाचं जेवण घालतात ते लिहून आणायला सांगा. तिथीवरून साल कळत नाही, पण सालाचा अंदाज दुसरीकडून लागला की तिथी तारीख पक्की करायला मदत करते.
- शाळेचा दाखला, जुनं रेशनकार्ड, गिरणीचा बिल्ला, पगाराचा किंवा फंडाचा कागद. सोलापुरातल्या जुनी गिरणी, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या कापडगिरण्यांत काम केलेल्यांच्या घरात ट्रंकेच्या तळाशी असे कागद निघतात. घरातल्या बाईनं विड्या वळल्या असतील तर तिचं विडी कामगाराचं ओळखपत्र विचारा. त्या पिढीतल्या कितीतरी बायकांचा स्वतःच्या नावाचा तेवढाच कागद असतो.
- फोटो, फ्रेमसकट. फ्रेम उघडू नका, चिकटलेला फोटो सोलू नका, काच पुसून तसाच आणा.

*सावधान:* दाखल्यावरची जन्मतारीख 1 जून असेल तर ती खरी धरू नका. शाळेत नाव घालताना वयाच्या हिशेबानं गुरुजींनी टाकलेल्या त्या तारखा आहेत. एकाच घरातली चार भावंडं 1 जूनची निघाली तर हसू नका, सालही एखाद-दोन वर्षं इकडंतिकडं धरा.

टप्पा 5: मेळाव्याचा दिवस

वेळापत्रक उलटं करा. सत्कार आणि ट्रॉफी शेवटी ठेवा. ते आधी उरकलं की जेवणानंतर हॉल रिकामा होतो. शेवटी ठेवलं तर बक्षिसाच्या पोरासाठी अख्खं घर थांबतं.

सकाळी तक्ता चहाच्या टेबलाशेजारी लावा, व्यासपीठामागं नको. तिथं पेन्सिली दोऱ्यानं बांधून ठेवा आणि दोन तरुण उभे करा. त्यांचं काम एवढंच की जो कोणी 'हे चुकलंय' म्हणेल त्याचं नाव आणि त्यानं काय सांगितलं ते वहीत लिहायचं, वाद घालायचा नाही. तक्त्यावरचं जुनं नाव खोडू द्यायचं नाही, त्याच्या शेजारी लिहायचं. बहुतेक वेळा शोध पुन्हा खोडलेल्या नावापाशीच येतो.

दहा ते साडेबारा ही बोलण्याची वेळ. मोठी माणसं सकाळी ताजी असतात, जेवणानंतर पेंगतात. शांत खोलीत एका वेळी दोघं-तिघं बसवा, शक्यतो दोन वेगळ्या घरांतले. आता मात्र एकत्रच हवेत, कारण एकट्यानं काय सांगितलं ते तुमच्याकडं आधीच आहे. एकानं विचारायचं, दुसऱ्यानं लिहायचं. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा, पण आधी विचारा. फोन विमान मोडवर टाका, पंखा बंद करा किंवा लांब बसा, आणि सुरुवातीलाच तारीख, जागा व बोलणाऱ्याचं पूर्ण नाव मोठ्यानं म्हणा. अर्ध्या तासाच्या वर कोणाला बसवू नका. नातवंडांना खोलीत येऊ द्या, पण दोनच. आजोबा नातवाला जे सांगतात ते तुम्हांला सांगत नाहीत.

फोटोंचं टेबल वेगळं ठेवा. प्रत्येक फोटोला चिठ्ठीवर क्रमांक द्या, चिठ्ठीसकट एक आणि चिठ्ठीशिवाय एक असे दोन फोटो काढा आणि मालकाला तिथल्या तिथं परत द्या. 'चार दिवसांत देतो' म्हणून ठेवून घेतलेल्या फोटोवरून भावकीत बोलणं बंद झालेलं आहे.

ग्रुपफोटो जेवणाआधी. काढल्या काढल्या एकानं डावीकडून उजवीकडं रांगेवार नावं लिहून घ्यावीत. उद्यावर टाकलं तर मागच्या रांगेतले चौघे कायमचे अनोळखी होतात.

टप्पा 6: प्रश्न कसे विचारायचे

'साल कोणतं?' हा प्रश्न जवळजवळ निरुपयोगी आहे. म्हातारी माणसं सालानं आठवत नाहीत, घडलेल्या गोष्टींनी आठवतात. म्हणून तुम्हीच खुंट्या ठोकून ठेवा आणि 'त्याच्या आधी की नंतर?' असं विचारा. या भागात चालणाऱ्या खुंट्या अशा: 1918 ची मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएन्झाची साथ (ही आता आईवडिलांकडून ऐकलेली असेल), 1930 चा सोलापूरचा मार्शल लॉ आणि 12 जानेवारी 1931 ला चार हुतात्म्यांना झालेली फाशी, 1948 चं रझाकारांचं वर्ष आणि सप्टेंबरातली पोलीस कारवाई, 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप, 1972 चा दुष्काळ, 1980 मध्ये उजनी धरण पुरं होण्याआधी करमाळा-माढ्याकडच्या गावांचं उठणं, आणि 30 सप्टेंबर 1993 चा किल्लारीचा भूकंप. 'दुष्काळात सुकडी आणायला जायचो तेव्हा थोरला कडेवर होता की चालत होता?' एवढ्या प्रश्नात थोरल्याचा जन्म वर्षा-दीड वर्षाच्या आत येतो.

नात्याचं नाव मिळालं की तिथं थांबू नका. 'आमचा भाऊ' म्हणजे सख्खा, चुलत की त्याही पलीकडचा, ते दर वेळी विचारा. कन्नड-तेलुगू बोलणाऱ्या घरांत चुलतभावालाही सरळ अण्णा आणि तम्मा म्हणतात, दोड्डप्पा किंवा पेद्दनान्ना म्हणजे थोरले चुलते. लिहिणाऱ्यानं नुसतं 'अप्पा' किंवा 'नान्ना' ऐकलं तर चुलता बाप होऊन बसतो. बाई ज्या भाषेत सहज बोलते त्याच भाषेत तिला विचारणारा माणूस खोलीत हवा. पद्मशाली घरातल्या आजीला मराठीत विचारून तेलुगूतलं घर कळत नाही. त्या घरांत आडनाव आधी आणि नाव नंतर येतं हेही लिहिणाऱ्यानं ध्यानात ठेवावं, नाहीतर जुन्या यादीत आडनावच माणसाचं नाव म्हणून चढतं.

नावं मिळाल्यावर हे विचाराच:

गावात मूळ कुठून आलो? कोणाच्या जमिनीवर, कोणत्या साथीत, कोणत्या भांडणात गाव सोडलं?

काशी, गया, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर इथं क्रियाकर्माला कोण गेलं होतं, आणि उपाध्ये कोण? क्षेत्राच्या ठिकाणी उपाध्यांच्या वह्यांत गावाच्या आणि आडनावाच्या क्रमानं यजमानांची नावं असतात. उपाध्यांचं आडनाव आणि आपलं मूळ गाव हातात असेल तरच वही लवकर निघते, आणि त्यात कधी आपल्याच पणजोबांची सही किंवा अंगठा सापडतो.

हेळवी शेवटचा कधी आला होता? अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, मंगळवेढा या कानडी सीमेकडच्या गावांत हेळवी घराण्याची वंशावळ म्हणून दाखवायचे आणि बिदागी न्यायचे. तो कोणत्या गावचा, कोणाच्या दारात उतरायचा, एवढं कळलं तरी पुढचा शोध लागतो. त्याचं सगळं खरं मानू नका. यजमान खूश व्हावा म्हणून मूळ पुरुष जरा उंच बसवलेला असतो. पण मधल्या पाच-सहा पिढ्यांची नावं तो सहसा नीट सांगतो.

*सावधान:* पळून जाऊन केलेलं लग्न, सोडचिठ्ठी, घरातून काढून दिलेला भाऊ, आत्महत्या. हे विषय निघाले आणि सांगणारा थबकला तर ध्वनिमुद्रण तिथंच थांबवा. 'लिहू का?' असं स्पष्ट विचारा. नाही म्हणाले तर लिहायचं नाही.

टप्पा 7: पुढचे आठ दिवस

मेळाव्यानंतर दुसऱ्या दिवशी सगळे थकलेले असतात आणि काम तिथंच राहतं. आठ दिवस गेले की वहीतलं 'मधल्या काकांनी सांगितलं' म्हणजे कोणते मधले काका, हे लिहिणाऱ्यालाच आठवत नाही. म्हणून त्याच रात्री एवढं तरी उरका: सगळी ध्वनिमुद्रणं दोन ठिकाणी साठवा, प्रत्येकाच्या नावात तारीख व बोलणाऱ्याचा क्रमांक घाला, तक्त्याचे जवळून फोटो काढा आणि तक्ता गुंडाळून एका घरी ठेवा.

मग वही, ध्वनिमुद्रण आणि तक्ता शेजारी घेऊन एकेक दुरुस्ती तपासा. दोन स्वतंत्र घरांनी सांगितलेलं निळं करा. 'स्वतंत्र' यावर जोर आहे. सख्खे दोघे भाऊ एकाच आईकडून ऐकलेलं सांगत असतील तर तो एकच साक्षीदार.

टप्पा 8: आता कागद

नाव, गाव आणि अंदाजे साल ही तिन्ही हातात आल्यावरच कचेरीत जा. नुसतं आडनाव घेऊन तहसीलच्या अभिलेख कक्षात गेलात तर हेलपाटे पदरी पडतात.

सर्वांत उपयोगाचा कागद फेरफार, म्हणजे गाव नमुना 6. माणूस वारल्यावर वारस लागतात तेव्हा मुलं, कधी मुली आणि विधवाही नावानिशी तिथं येतात. आजच्या सातबाऱ्यावरच्या फेरफार क्रमांकापासून सुरुवात करून एकेक मागं जायचं. जमीन नसलेल्या घरांसाठी जुना गाव नमुना 14, म्हणजे जन्ममृत्यूची नोंदवही, आणि शाळेचं दाखल-खारिज रजिस्टर बघा. शाळेच्या रजिस्टरात कधी मूळ गाव आणि आधीची शाळाही मिळते.

कोणत्या राजवटीतलं गाव ते आधी बघा, नाहीतर भलत्याच कचेरीत चकरा होतात. अक्कलकोट 1948 पर्यंत वेगळं संस्थान होतं, मंगळवेढा सांगली संस्थानात होतं, आणि तुळजापूर-नळदुर्गकडची गावं निजामाच्या हैदराबाद राज्यात होती. त्या बाजूच्या कागदांत उर्दू भेटते, तर इकडच्या जुन्या नोंदींत मोडी. मोडी वाचणाऱ्याकडं देताना मूळ कागद देऊ नका, नीट काढलेला फोटो द्या, आणि त्याच्याकडून ओळीखाली ओळ असं लिप्यंतर मागा. नुसता सारांश घेतलात तर नाव कसं वाचलं ते तपासता येत नाही.

साल बदलताना: शकात 78 मिळवा, जानेवारी ते फाल्गुनअखेरची मिती असेल तर 79. शके 1852 च्या श्रावणातली नोंद 1930 ची, माघातली 1931 ची. जुन्या महसुली कागदांतल्या फसली सनात 590 मिळवा. वर्ष मध्येच बदलत असल्यानं फसली 1340 म्हणजे 1930-31 असं जोडून लिहा.

*तपासणी:* कागद आणि आठवण जुळत नसतील तर कागदच खरा असं लगेच धरू नका. वारसनोंदीत मुलींची नावं गाळलेली असतात, दत्तक मुलगा नुसता 'मुलगा' म्हणून येतो, तलाठ्यानं ऐकलं तसं नाव चढतं. दोन्ही लिहा, कुठून आलं ते शेजारी लिहा.

टप्पा 9: तक्ता परत पाठवणं

दुरुस्त तक्ता सगळ्या घरांना पाठवा, पण तो दोन तऱ्हांचा असू द्या. ग्रुपवर जाणाऱ्या प्रतीत हयात माणसांची फक्त नावं आणि क्रमांक. जन्मतारखा, फोन, पत्ते, दत्तक आणि दुसऱ्या लग्नांच्या नोंदी या संपूर्ण प्रतीत, आणि ती दोन-तीन जबाबदार माणसांकडंच. व्हॉट्सअ‍ॅपवर गेलेला कागद परत येत नाही, आणि तो कोणत्या कचेरीत कोण जोडेल हेही सांगता येत नाही. प्रत्येक प्रतीच्या डोक्यावर आवृत्तीचा आकडा, तारीख आणि 'कोणत्याही दाव्यासाठी नाही' ही ओळ टाका.

दुरुस्त्या कळवायला मुदत द्या, गुढीपाडव्यापर्यंत म्हणा. ज्यांच्याकडं स्मार्टफोन नाही त्यांना छापील प्रत आणि सोबत एक पेन्सिल पाठवा. घरातल्या कॉलेजच्या पोरानं ती आजीसमोर मोठ्यानं वाचून दाखवावी, एवढं त्याला आधीच फोनवर सांगून ठेवा.